उत्तर येईपर्यंत खिडकी का गोठते?

मेहरूण म्हटले की जळगावकरांना आधी तलाव आठवतो आणि मग हिवाळ्यातली बोरे. मात्र तेथून जवळच शहराची औद्योगिक वसाहत आहे आणि चटया, डाळी, प्लास्टिकचे पाइप असा माल या शहरातून दूरदूरच्या राज्यांत जात असतो. अशा एखाद्या कारखान्याच्या कचेरीत संध्याकाळी घडणारा पुढील प्रसंग कोणालाही नवा वाटणार नाही. ट्रक भरून उभा आहे, ताडपत्री बांधून झाली आहे, बिल्टीही तयार आहे. अडले आहे ते फक्त बिल. मुनीम संगणकावर बिल तयार करतात, ते पाठवण्याचे बटण दाबतात आणि पडद्यावरची खिडकी गोठते. माऊस हलतो, पण खिडकीतले काहीच हलत नाही. मुनीम पुन्हा बटण दाबतात, मग आणखी एकदा. थोड्या वेळाने खिडकी पांढुरकी पडते आणि वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' ही अक्षरे उमटतात. शेवटी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला जातो आणि 'सरकारी सर्व्हर बंद आहे' असा निकाल दिला जातो.

पुष्कळदा हा निकाल चुकीचा असतो. सर्व्हर हळू चालत असेल, मध्येच इंटरनेटची जोडणी डळमळली असेल. परंतु खिडकी गोठली ती त्यामुळे नव्हे. ती गोठली प्रोग्रॅमच्या रचनेमुळे. दूरच्या संगणकाकडून उत्तर येईपर्यंत आपण काय करायचे, हा प्रश्न प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलाच नाही. संगणकशास्त्रात या प्रश्नाचे उत्तर 'असिंक्रोनस' या शब्दाने दिले जाते. शब्द बोजड आहे, कल्पना मात्र घरगुती आहे.

आधी त्या बिलाचे काय होते ते पाहू. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढालीच्या उद्योगांना 'ई-इन्व्हॉइस' बंधनकारक झाले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती पाच कोटींवर आली. त्यामुळे जिल्ह्याच्या गावांतले मध्यम कारखानदार आणि घाऊक व्यापारीही तिच्या कक्षेत आले. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेले बिल आता केवळ स्वतःच्या संगणकावर छापून भागत नाही. त्याचा तपशील नोंदणी पोर्टलकडे पाठवावा लागतो. पोर्टल तो तपासते, ६४ अक्षरी ओळख क्रमांक देते आणि डिजिटल स्वाक्षरी असलेला क्यूआर कोड परत करते. ज्याला हे बंधन लागू आहे त्याने या सोपस्काराविना दिलेले बिल नियमाच्या दृष्टीने बिलच ठरत नाही. शिवाय पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात न्यायचा तर ई-वे बिल हवेच. ट्रक फाटकाच्या आत उभा असतो तो यासाठी.

पोर्टलच्या संकेतस्थळावर जाऊन हे काम हाताने करता येते. पण दिवसाला तीस-चाळीस बिले काढणाऱ्या कचेरीत ते कोणी करत नाही. तेथे टेबलावरच्या संगणकातला हिशेबाचा प्रोग्रॅमच थेट पोर्टलशी बोलतो. प्रोग्रॅमने प्रोग्रॅमशी बोलण्याच्या या सोयीला वेब सर्व्हिस म्हणतात. संकेतस्थळ माणसांनी वाचण्यासाठी असते; वेब सर्व्हिस यंत्राने वाचण्यासाठी. तेथे चित्रे नसतात, रंग नसतात. ठरावीक साच्यातला प्रश्न जातो, ठरावीक साच्यातले उत्तर येते. २००० च्या सुमारास या देवाणघेवाणीसाठी 'सोप' नावाचा साचा पुढे आला आणि त्या दशकात डेस्कटॉपवरचे असंख्य प्रोग्रॅम त्याच्या आधारे दूरच्या सर्व्हरशी जोडले गेले. पुढे 'जेसन' हा सुटसुटीत साचा रूढ झाला; ई-इन्व्हॉइस त्याच साच्यात जाते. साचा बदलला तरी गोठण्याचे दुखणे तेच राहिले.

ते दुखणे समजण्यासाठी खिडकीच्या आत डोकवावे लागेल. विंडोजवरच्या साध्या प्रोग्रॅमची खिडकी सांभाळणारा कामगार एकच असतो. त्याला थ्रेड म्हणतात. माऊसची टिचकी, कळफलकावरचे अक्षर, 'खिडकी पुन्हा रंगव' हा आदेश, असे सारे निरोप विंडोज एका रांगेत लावते आणि हा कामगार एकेक निरोप उचलून त्याची तामिली करतो. निरोप छोटे, तामिली क्षणाची. म्हणून आपल्याला सारे एकाच वेळी चालले आहे असे वाटते. आता 'बिल पाठव' हा निरोप आला. कामगाराने पोर्टलला प्रश्न पाठवला आणि उत्तराची वाट पाहत तो दारातच उभा राहिला. पद्धत 'सिंक्रोनस' असेल तर असेच घडते. इकडे रांग वाढत राहते आणि ती उचलायला कोणीही नसते.

पाच सेकंद रांगेतला एकही निरोप उचलला गेला नाही की विंडोज समजते, हा प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. मग ते मूळ खिडकीच्या जागी तिची फिकट प्रतिकृती उभी करते आणि 'नॉट रिस्पॉन्डिंग' ही पाटी लावते. आत काम चालू असते, प्रश्न गेलेला असतो, कदाचित उत्तरही वाटेत असते. तरी बाहेरून प्रोग्रॅम मेल्यासारखा दिसतो. त्याहून घातक गोष्ट दुसरीच. पहिल्या चार-पाच सेकंदांत मुनिमांनी अधीरपणे मारलेल्या टिचक्या वाया जात नाहीत. त्या रांगेत बसून राहतात. कामगार परत आला की तो त्या निमूटपणे उचलतो आणि तेच बिल पुन्हा पाठवू लागतो.

माणसाचा धीर किती वेळ टिकतो याचे ठोकताळेही उपलब्ध आहेत. संगणक वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये जुन्या संशोधनाच्या आधारे तीन मर्यादा सांगितल्या. दशांश सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ आल्यासारखा वाटतो. एका सेकंदापर्यंत विचारांची लय टिकते. दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या साधनसंचात वेब सर्व्हिसच्या उत्तरासाठी थांबण्याची मुदत, प्रोग्रॅमरने मुद्दाम बदलली नाही तर, १०० सेकंद असे. माणूस दहा सेकंदांत कंटाळतो आणि प्रोग्रॅम शंभर सेकंद दारात उभा राहतो. उरलेल्या नव्वद सेकंदांत काय घडते ते आपण वर पाहिलेच.

असे प्रोग्रॅम बाजारात येतात तरी कसे, असा प्रश्न पडेल. कारण साधे आहे. प्रोग्रॅम तयार होतो तेथे चाचणीचा सर्व्हर बहुधा त्याच खोलीत किंवा त्याच संगणकावर असतो. उत्तर डोळ्याची पापणी लवण्याआधी येते. कामगार दारात उभा राहिला होता हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तोच प्रोग्रॅम दूरच्या गावातल्या, एकाच जोडणीवर दहा यंत्रे चालवणाऱ्या कचेरीत गेला की प्रत्येक बिलाला तीन सेकंद लागू लागतात. चाळीस बिले ओळीने पाठवली तर दोन मिनिटे होतात आणि ती दोन्ही मिनिटे खिडकी निर्जीव असते.

यावरचा उपाय पिठाच्या गिरणीत रोज पाहायला मिळतो. दळणाचा डबा घेऊन गेलेली व्यक्ती पीठ हातात पडेपर्यंत गिरणीतच उभी राहिली तर ती सिंक्रोनस पद्धत. डब्यावर नावाची चिठ्ठी लावून, तो ठेवून, बाजारहाट करायला निघून गेली तर ती असिंक्रोनस. दळायला लागणारा वेळ दोन्हीकडे तेवढाच. असिंक्रोनस पद्धतीने काम लवकर होते हा समज पुष्कळ प्रोग्रॅमरांचाही असतो, आणि तो चुकीचा आहे. तिच्यामुळे माणूस मोकळा होतो, एवढेच. दळण झाले का हे मध्येमध्ये येऊन विचारायचे की गिरणीवाल्याने पोराकरवी निरोप धाडायचा, हे दोन प्रकार त्यातही आहेत. पहिल्याला पोलिंग म्हणतात, दुसऱ्याला कॉलबॅक.

डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमांसाठी ही सोय नव्हती असे नाही. ती वापरणे किचकट होते. २००२ मध्ये डॉटनेटची पहिली आवृत्ती आली तेव्हा प्रत्येक वेब सर्व्हिसच्या क्रियेला 'बिगिन' आणि 'एंड' अशी जोडी मिळाली. एकीने काम सुरू करायचे, दुसरीने निकाल घ्यायचा आणि मधला सगळा धागा प्रोग्रॅमरने स्वतः सांभाळायचा. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे बरेच सोपे झाले. क्रियेच्या नावापुढे 'असिंक' लावले की ती पाठीमागे सुरू होई आणि संपली की 'कम्प्लीटेड' नावाची घटना खिडकीच्या कामगाराला कळवली जाई. २०१२ मध्ये सी-शार्प भाषेच्या पाचव्या आवृत्तीने 'अवेट' हा शब्द दिला. लिहिताना ओळी सिंक्रोनससारख्याच सरळ दिसतात, पण त्या शब्दापाशी कामगार दारात न थांबता रांगेकडे परततो आणि उत्तर आले की सोडलेल्या जागेपासून पुढे जातो. याच काळात ब्राउझरच्या जगातही हीच हवा होती. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ज्या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव दिले, त्यातले पहिले अक्षर असिंक्रोनसचेच आहे. पान पुन्हा न उघडता नकाशा सरकू लागला तो या तंत्रामुळे.

तरीही डबा ठेवून निघून गेले की नव्या अडचणी सुरू होतात. एका वेळी वीस डबे ठेवले तर ते ज्या क्रमाने ठेवले त्याच क्रमाने परत येतील याची खात्री नाही. सतरावे बिल तिसऱ्याच्या आधी परतू शकते. म्हणून प्रत्येक प्रश्नाला खूणचिठ्ठी लावावी लागते. अन्यथा एका बिलाचा क्रमांक दुसऱ्यावर छापला जाण्याचा धोका असतो. दुसरी अडचण अशी की पाठीमागच्या कामगाराने आणलेले उत्तर त्याने स्वतः खिडकीत लिहायचे नसते. खिडकीला हात लावण्याचा अधिकार ती घडवणाऱ्या कामगाराचाच. हा नियम मोडला तर प्रोग्रॅम कधी चालतो, कधी अकारण कोसळतो आणि तो का कोसळला हे शोधण्यात आठवडे जातात. तिसरी अडचण मुनिमांनी निर्माण केलेली: उत्तर येण्याआधीच त्यांनी खिडकी बंद केली. आता आलेले उत्तर कोणाच्या हाती द्यायचे?

आणखी एक बारकावा अनेकांना चकवत असे. जुन्या डॉटनेटमधील डेस्कटॉप प्रोग्रॅम एका सर्व्हरकडे एका वेळी दोनच जोडण्या उघडत असे. १९९९ च्या एचटीटीपी नियमावलीतल्या शिफारशीला धरून ही मर्यादा ठेवण्यात आली होती. चाळीस बिले असिंक्रोनस पद्धतीने एकदम सोडली तरी दारातून दोनच बाहेर पडत आणि अडतीस आत ताटकळत. खिडकी मोकळी राही, पण काम अपेक्षेइतके लवकर उरकत नसे. मर्यादा वाढवता येई. मात्र ती बेसुमार वाढवली तर पलीकडचा सर्व्हर त्रासतो, हेही खरे.

या साऱ्याचे सर्वांत मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण शोधायला खानदेशाबाहेर जाण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या छोट्या गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत आधार योजनेचा प्रारंभ झाला आणि देशातला पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. नंदुरबार हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला, सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासीबहुल जिल्हा. अशा भागात इंटरनेटची अखंड जोडणी गृहीत धरून कोणतीही योजना आखता आली नसती.

आणि ती तशी आखली गेलीही नाही. नोंदणी केंद्रावरच्या लॅपटॉपमध्ये एक डेस्कटॉप प्रोग्रॅम असे. तो नाव, पत्ता, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची चित्रे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेई, सारे एका बंद पुडक्यात बांधून तेथल्या तेथे सांकेतिक भाषेत कुलूपबंद करी आणि माणसाच्या हातात पावती ठेवी. पावतीवर १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख-वेळ छापलेली असे. पुडके नंतर, जोडणी मिळेल तेव्हा, केंद्रीय भांडाराकडे जाई; सुरुवातीच्या काळात तर पुडक्यांनी भरलेल्या हार्ड डिस्कच पाठवल्या जात. तेथे नव्या माणसाचे ठसे आणि बुबुळे आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहिली जात, जेणेकरून एकाच व्यक्तीला दोन क्रमांक मिळू नयेत. नोंदी वाढत गेल्या तसे हे काम वाढत गेले. ते काही सेकंदांत होण्यासारखे नव्हतेच. १२ अंकी क्रमांक काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी टपालाने घरी येई.

गिरणीचे रूपक येथे तंतोतंत लागू पडते. पावती ही डब्यावरची चिठ्ठी. टपालाने आलेले पत्र हा कॉलबॅक. आणि पत्र आले नाही तर पावतीवरचा क्रमांक देऊन 'माझ्या आधारचे काय झाले' हे विचारण्याची सोय म्हणजे पोलिंग. टेंभलीच्या शेतमजुराला लॅपटॉपसमोर निकालाची वाट पाहत बसावे लागले नाही, कारण 'काम स्वीकारले' आणि 'काम झाले' या दोन गोष्टी योजनेच्या आराखड्यातच वेगळ्या करण्यात आल्या होत्या.

त्याच आधारचे दुसरे अंग मात्र नेमके उलटे आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर बोट ठेवले की यंत्र एका वेब सर्व्हिसला विचारते: हा ठसा या क्रमांकाचा आहे का? उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच अपेक्षित असते. येथे साऱ्या देशाशी तुलना नाही, एकास एक पडताळणी आहे. म्हणून ती सेकंदांत होऊ शकते. पण धान्य त्याच क्षणी हातात द्यायचे असल्याने उत्तर येईपर्यंत व्यवहार पुढे सरकत नाही. जोडणी गेली की गोठते ती खिडकी नव्हे, माणसांची रांग गोठते. रोजंदारी बुडवून आलेल्याला 'सर्व्हर नाही, उद्या या' हे ऐकून परतावे लागते, अशा तक्रारी राज्यात अनेकदा उमटल्या आहेत.

ई-पॉसचा प्रोग्रॅम कितीही चांगला असिंक्रोनस लिहिला तरी ही रांग हलणार नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. पडद्यावर फिरते चक्र दिसेल, बटणे चालतील, 'रद्द करा' म्हणता येईल. धान्य मात्र मिळणार नाही. प्रोग्रॅमची खिडकी मोकळी ठेवणे हे प्रोग्रॅमरचे काम आहे. कोणत्या कामासाठी माणसाला थांबवून धरायचे आणि कोणते पावती देऊन नंतर उरकायचे, हा निर्णय योजना आखणाऱ्यांचा असतो. आधारच्या नोंदणीत तो माणसाच्या बाजूने घेतला गेला. रेशनमध्ये गळती रोखण्याला प्राधान्य मिळाले आणि जोडणी तुटण्याचा भार रांगेतल्या माणसावर पडला. दोन्हींना तांत्रिक अपरिहार्यता म्हणून एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

आता पुन्हा जळगावच्या कचेरीत, उभ्या ट्रककडे येऊ. खिडकी गोठल्यावर मुनिमांनी प्रोग्रॅम बंद केला, तेव्हा बिल गेले होते की नव्हते? तीन शक्यता आहेत. प्रश्न पोर्टलपर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचला, पण नाकारला गेला. पोहोचला, नोंदला गेला आणि उत्तर परतीच्या वाटेत हरवले. कचेरीतून पाहता तिन्ही सारख्याच दिसतात. दूरच्या सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला 'झाले' आणि 'झाले नाही' यांच्याबरोबर 'माहीत नाही' ही तिसरी अवस्था मान्य करावी लागते. मुदत संपली याचा अर्थ काम फसले असा होत नाही. 'रद्द करा' दाबले याचा अर्थही फक्त आपण ऐकणे थांबवले एवढाच. पलीकडचे काम त्यामुळे थांबतेच असे नाही.

ई-इन्व्हॉइसची आखणी या बाबतीत शहाणपणाची आहे. ६४ अक्षरी क्रमांक वाटेल तसा दिला जात नाही. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, बिलाचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष या चार गोष्टींवर ठरावीक गणित करून तो निघतो. म्हणजे तेच बिल दहा वेळा पाठवले तरी क्रमांक एकच निघणार. पहिल्यांदा नोंद झाली असेल तर दुसऱ्यांदा पोर्टल 'ही नोंद आधीच आहे' असे सांगून नकार देते आणि झालेल्या नोंदीचा तपशील मागवण्याची सोयही आहे. त्यामुळे शंका आली तर तेच बिल, त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवणे ही निर्धोक कृती ठरते. उत्तर हरवले तरी काही बिघडत नाही.

बिघडते ते घाईमुळे. ट्रकवाला हॉर्न वाजवतो आहे, पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून मुनीम पहिले बिल सोडून देतात आणि त्याच मालाचे नव्या क्रमांकाने दुसरे बिल काढतात. ते लगेच नोंदले जाते. ट्रक निघतो. वास्तविक पहिलेही नोंदले गेलेले असते. आता एकाच मालाची दोन बिले सरकारदरबारी आहेत, दोन्ही विक्रीच्या विवरणपत्रात आपोआप उतरली आहेत, दोन्ही खरेदीदाराच्या खात्यातही दिसत आहेत. नोंदणी रद्द करण्यासाठी पोर्टलवर २४ तासांची मुदत असते. घोटाळा त्या आत लक्षात आला तर ठीक. नंतर लक्षात आला तर क्रेडिट नोट काढा, खरेदीदाराला समजवा, हिशेब जुळवा, हे सारे आले. एवढा व्याप निर्माण झाला तो पाच-दहा सेकंदांच्या मुक्या खिडकीपायी.

पैशांच्या व्यवहारात हीच तिसरी अवस्था सर्वांच्या परिचयाची झाली आहे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयची रचना मुळातच असिंक्रोनस आहे: विनंती पोहोचल्याची पोच आधी येते, खरा निकाल स्वतंत्र निरोपाने नंतर. 'पेंडिंग' हा शब्द त्यातूनच घरोघरी पोहोचला. खात्यातून पैसे गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते किती दिवसांत आपोआप परतले पाहिजेत आणि विलंब झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई कशी द्यायची, याचे नियम रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये घालून दिले. 'माहीत नाही' या अवस्थेला कालमर्यादा आणि किंमत दोन्ही लावली गेली. हिशेबाच्या प्रोग्रॅमांवर असे बंधन कोणी घातलेले नाही, म्हणून तेथे विकत घेणाऱ्यानेच चोखंदळ असावे लागते.

चांगल्या प्रोग्रॅममध्ये बटण दाबताच ते बिल संगणकावरच एका यादीत 'पाठवायचे' म्हणून नोंदले जाते आणि मगच बाहेर पडते. बटण त्या बिलापुरते मावळते, म्हणजे दुसऱ्या टिचकीला अर्थच उरत नाही. यादीत बिलापुढे 'पाठवले, उत्तराची वाट', 'नोंदले', 'नाकारले, कारण अमुक' असे शब्द दिसतात. उत्तर आले नाही तर प्रोग्रॅम थोड्या थोड्या, वाढत्या अंतराने स्वतःच चौकशी करतो. वीज गेली, संगणक बंद पडला, तरी पुन्हा उघडल्यावर ती यादी तशीच समोर येते. दरम्यान मुनीम पुढचे बिल तयार करू शकतात किंवा ट्रकवाल्याला 'दोन मिनिटे थांबा, उत्तर यायचे आहे' असे खात्रीने सांगू शकतात.

विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला येतो तेव्हा सारे चकाचक चालते, कारण त्या वेळी जोडणी चांगली असते. चाचणीचे बिल पाठवण्याचे बटण दाबल्यावर पुढच्याच क्षणी इंटरनेटची केबल काढायला सांगावे. खिडकी हलते का, बिलापुढे कोणता शब्द दिसतो, हे पाहावे. मग प्रोग्रॅम तसाच बंद करून, केबल पुन्हा लावून, तो उघडायला सांगावा आणि ते बिल यादीत कोठे आहे ते विचारावे.